विमानांचं नवं अंगण आणि माझा डावा गुडघा

चिरंजीव सौभाग्यवती धाकटीस थोरल्या ताईचे ओंजळभर आशीर्वाद. भावोजींना नमस्कार सांग आणि त्यांचा खोकला कसा आहे ते सविस्तर कळव. मागच्या पत्रात तू लिहिलंस की खोकला आता पुष्कळ बरा आहे, तेच बरे नाहीत, त्यावर आम्ही इकडे खूप हसलो आणि मग मला काळजी वाटली (खोकल्याची नाही, तुझी). इकडे सगळे मजेत आहेत. आमचे हे मजेत, मुलगा मजेत, सूनबाई तर हवेत. माझा गुडघा म्हणशील तर तो जिथल्या तिथे आहे, त्याचं पुढे येणारच आहे, घाई करू नकोस. अक्षर वाकडं आलं तर गोड मानून घे. मला चौथीतून उठवलं ते तुला मांडीवर घेऊन बसायला, तेव्हा माझ्या चुकलेल्या जोडाक्षरांमधली निम्मी तुझ्या नावावर आहेत.

तर मुख्य बातमी अशी की आमच्या कुंपणापलीकडच्या विमानतळाला नवं अंगण झालं. विमानं उतरल्यावर जिथे येऊन उभी राहतात, माणसं उतरतात, सामान काढतात, ती जागा. सूनबाई तिला एप्रन म्हणते, मी अंगण म्हणते, विमानांना दोन्ही चालतं. आधीचं अंगण डांबराचं होतं आणि एवढंसं, दोन विमानांचं. तिसरं आलं की बिचारं वरच्या वर घिरट्या घालत राहायचं, जेवणाच्या पंगतीत पाट रिकामा व्हायची वाट बघणाऱ्या पाहुण्यासारखं. उन्हाळ्यात डांबर मऊ व्हायचं आणि चाकं रुतायची. एकदा तर एक विमान निघता निघेना, आणि आतली माणसं खिडक्यांतून आमच्या वाळत घातलेल्या चादरी बघत बसली होती (नेमक्या त्या दिवशी विरलेल्या होत्या, चांगल्या आदल्या दिवशी वाळल्या).

मग एक दिवस मोठमोठी यंत्रं आली, जुनं डांबर खरवडून नेलं आणि खाली खडी, वर काँक्रीट असं चौकोन चौकोन ओतायला लागले. धाकटे, तू ते बघायला हवं होतंस. ओतलेला चौकोन लगेच ओल्या गोणपाटाने झाकायचे आणि दिवसभर त्यावर पाणी मारायचे, उन्हाने तडकू नये म्हणून, तापातल्या लेकराच्या कपाळावर घडी ठेवावी तसं. मी गच्चीवर कपडे वाळत घालायला जायची ती कपडे वाळून कडक झाले तरी तिथेच. गोणपाटं उचलली तेव्हा खाली इतकं पांढरं, इतकं सपाट निघालं की मला त्याच्यावर तांदूळ निवडावेसे वाटले. संध्याकाळी सगळीकडचा उजेड गेला तरी त्या अंगणावर थोडा मागे राहतो. जणू त्यालाही कुठे जायचं नसतं. मला एकदा स्वप्न पडलं की सगळी विमानं पाय दुमडून तिथे गाईंसारखी बसली आहेत, माना हलवताहेत आणि मी बादली घेऊन एकेकीला पाणी दाखवते आहे. जाग आली तेव्हा खरंच हातात तांब्या होता. हे म्हणाले, तुला तहान लागली होती. यांना स्वप्नातलं काही समजत नाही, आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली ना.

आता सूनबाईचं सांगते, कारण सगळं रामायण तिथूनच आहे. तुला आठवत असेल, लग्न होऊन आली तेव्हा ती विमानतळावर सामानाच्या गाड्या ओढायची. (मुलगा तिथेच आगीच्या बंबावर आहे. आग कधी लागत नाही, देवाची कृपा, त्यामुळे तो बंब पुसतो. एवढा पुसलेला बंब तुला कुठे दिसायचा नाही.) पुढे तिने विमानाला खुणा करून जागेवर आणण्याचं काम शिकून घेतलं. विमान खाली उतरून आलं की त्याच्यासमोर उभं राहायचं, हातात दोन रंगीत फळ्या घ्यायच्या आणि ये ये करत बोलवायचं. एक हात आडवा धरला की वळायचं, दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरले की थांबायचं. एवढं धूड, पण या दोन हातांवर चालतं. जुन्या अंगणात सोपं होतं, विमान नाकासमोर यायचं आणि थांबायचं. नव्या अंगणात पाच जागा झाल्या आणि कोपऱ्यातली सगळ्यांत मोठी जागा मोठ्या विमानासाठी ठेवली, तिथे यायला पिवळ्या रेषेवरून डावीकडे चांगलं कोपरासारखं वळण आहे. वरून फर्मान आलं की त्या जागेसाठी परीक्षा द्यावी लागेल. पास झाली तर मोठं विमान सूनबाई बोलावणार. नापास झाली तर बाहेरून तयार माणूस येणार आणि सूनबाई परत सामानाच्या गाड्यांवर. त्या दिवशी ती घरी आली आणि जेवताना पाण्याचा तांब्या तिने एक हात आडवा धरून माझ्याकडून मागून घेतला. मी ओळखलं की पोरीच्या जिवाला लागलंय.

सराव कुठे करणार? खरी विमानं येतात मोजकी, आणि ती काही सरावाला मिळत नाहीत. मग मी म्हटलं, मी होते विमान. अगं हसू नकोस. मी पदर खोचला, दोन्ही हात पसरले आणि फाटकात जाऊन उभी राहिले. रेषा आखणाऱ्या रंगाऱ्याने डब्याच्या तळाशी उरलेला पिवळा रंग दिला होता, त्याने सूनबाईने आमच्या अंगणात फाटकापासून रेघ ओढली, पाण्याच्या टाकीपाशी डावीकडे वळण आणि स्वयंपाकघराच्या पायरीशी थांबा. फळ्या घरी आणायची परवानगी नव्हती म्हणून तिने दोन उलथणी घेतली. आणि मी आले, धाकटे. हळूहळू, नजर तिच्या उलथण्यांवर, तोंडाने बारीक घूं घूं करत (हे मी आपण होऊन केलं, कोणी सांगितलं नव्हतं). हात पसरले की आधी खांदे दुखतात. मग थोड्या वेळाने ते दुखणं खाली कुठेतरी राहून जातं आणि आपण जरा वर. डोक्यात भाजी नाही, दळण नाही, नुसते समोरचे दोन हात. आयुष्यभर मी सगळ्यांना सांगत आले, इकडे या, तिकडे ठेवा, आता पुरे. इथे सून सांगत होती आणि सासू ऐकत होती. आमच्या गल्लीने असलं पहिल्यांदाच पाहिलं असेल.

पायरीशी पोचले, तिने हातांची फुली केली, मी थांबले. आता थांबल्यावर चाकांना पुढून मागून ठोकळे लावायचे असतात, विमान घसरू नये म्हणून. तर आमचे हे, जे स्वतःची पडलेली चप्पल उचलायला वाकत नाहीत, ते उठले, वाकले आणि त्यांनी आपल्या दोन चपला माझ्या पायांपुढे लावून ठेवल्या. वर माझ्याकडे बघून गंभीरपणे म्हणाले, ठोकळे लागले. इतक्या वर्षांत माझ्या पायांशी असं काही प्रेमाचं झालं नव्हतं. मला हसू आलं आणि डोळेही भरले, दोन्ही हात पसरलेले असल्यामुळे पुसता येईनात.

समोरच्या शिंपीणबाईंनी शिलाईयंत्र थांबवून बराच वेळ पाहिलं आणि मग कुंपणाशी येऊन सूनबाईला हळूच विचारलं, "कधीपासून असं करतात?" सूनबाई म्हणाली, "परवापासून. पण फार छान करतात." शिंपीणबाई मान हलवत गेल्या आणि संध्याकाळी माझ्यासाठी गरम दूध घेऊन आल्या. मीही प्यायले. विमानात इंधन भरावंच लागतं.

असा सराव रोज चालला. पायरीवर बसून हे खिशातल्या घड्याळाकडे बघत, "वेळेवर आहे," असं जाहीर करायचे, कशाच्या वेळेवर ते कोणी विचारलं नाही. सूनबाईचा हात असा बसला की मी डोळे मिटून आले असते. तिने हात आडवा करावा आणि मी टाकीपाशी अगदी रेघेवर वळावं, एक बोट इकडे तिकडे नाही. आम्हा दोघींनाही अभिमान. त्यात एक गोष्ट मात्र आमच्या लक्षात आली नाही. माझा डावा गुडघा. वळायचं मनात आलं की गुडघ्यापर्यंत निरोप पोचायला मला दोन पावलं लागतात. आणि पोरगी माझी माया करणारी, तिने नकळत वळायची खूण दोन पावलं आधी द्यायला सुरुवात केली होती. रोज द्यायची, रोज जमायचं. सांगायचं असं की ती विमान बोलवायला शिकली नव्हती, मला बोलवायला शिकली होती.

परीक्षेच्या दिवशी सकाळी परीक्षक साहेब आले. उंच, इस्त्रीचे, चेहऱ्यावर सुरकुती नाही आणि हसूही नाही. परीक्षेसाठी एक छोटं विमान ठेवलं होतं. मी आणि हे गच्चीवर. विमान पिवळ्या रेषेवरून आलं, शहाण्या बाळासारखं. सूनबाई समोर उभी, पाठ ताठ, पांढऱ्या अंगणावर एवढीशी दिसत होती. ये ये ये, मग हात आडवा. आणि विमान वळलं. तिथल्या तिथे वळलं गं! त्याला कुठे गुडघा? रेष राहिली पुढे, विमान गेलं आधीच डावीकडे, आणि त्याचा पंख निघाला थेट बंबाच्या दिशेने. बंबावर आमचा मुलगा, हातात फडकं. तो आपला बघतोय बायकोकडे कौतुकाने. मी गच्चीवरून दोन्ही हातांची फुली केली आणि ओरडले, पण सूनबाईने माझ्या आधीच केली होती. विमान थांबलं. गल्लीत म्हैस आडवी उभी राहावी तसं सगळ्या अंगणात आडवं. पंख आणि बंब यांच्यात चांगली जागा होती असं मुलगा सांगतो, पण त्याने त्यानंतर पंखाकडची बाजू दोनदा पुसली.

परीक्षकांनी सूनबाईला जवळ बोलावून विचारलं, "वळण इतकं लवकर का दिलंत?" तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. म्हणाली, "साहेब, आमच्या सासूबाईंचा डावा गुडघा दुखतो." (हे मला मुलाने सांगितलं, आणि सांगताना तो बंबाच्या पायरीवर बसला, इतका हसत होता.) साहेबांनी एकदा आकाशाकडे बघितलं. मग त्यांनी सगळं विचारून घेतलं, रेघ, टाकी, उलथणी, सगळं. शेवटी म्हणाले की थांबवलं वेळेवर, ते चांगलं केलं, पण वळण चुकलं म्हणजे पास नाही. एक संधी आणखी देतो, परवा सकाळी. आणि जाता जाता म्हणाले, "तेवढं विमान बदला."

विमान बदला! धाकटे, मला लागलं ते. त्या दिवशी मी जेवले, पण रागाने जेवले. संध्याकाळी माझ्या जागी यांना फाटकात उभं केलं, हातात ढकलगाडी. मी पायरीवर, दुरुस्तीला काढलेल्या विमानासारखी, एका बाजूला. आणि यांचं काय, तर खूण यायच्या आतच वळायचे. सूनबाई म्हणायची, बाबा, मी हात केला नव्हता. हे म्हणायचे, अगं रस्ता मला माहीत आहे, घर माझंच आहे. एकदा तर मध्येच गाडी ठेवून टाकीचा नळ गळतोय का ते बघायला गेले. असं विमान आकाशात असेल तर माणसं पायी जातील. सूनबाईचे हात हळूहळू खाली आले, उलथणी मांडीवर ठेवून ती माझ्या शेजारी पायरीवर येऊन बसली. पलीकडे नव्या अंगणावर तो मागे राहिलेला उजेड होता. ती त्याच्याकडे बघत होती, जत्रेतून परत निघालेलं पोर मागे वळून पाळण्याकडे बघतं तसं.

मी उठले आणि फाटकात गेले. म्हटलं, ये, बोलव मला, पण खरी खूण दे, विमानाची, माझी नको. तिने ऐकलं. मी टाकीपाशी आले, हात आडवा झाला आणि मी वळले. तिथल्या तिथे. डोळ्यांपुढे भर संध्याकाळी चांदण्या आल्या, पण रेघेवर होते. पुन्हा फाटकात, पुन्हा आले, पुन्हा वळले. पुढच्या वेळी वळले आणि गुडघ्याने मला टाकीच्या कठड्यावर बसवलं. सूनबाई धावत आली. मी आपली हात पसरून हसत, म्हटलं जरा हवा भरते चाकात. पण ती फसली नाही. माझ्यासमोर उकिडवी बसली, गुडघ्यावर हात ठेवला, सुजलेला होता, आणि म्हणाली, "आई, तुम्ही हा गुडघा मोठ्या डॉक्टरांना दाखवणार असाल, ते सांगतील ते करून घेणार असाल, तरच मी परवा हात उचलीन. नाहीतर मला सामानाच्या गाड्या काही नव्या नाहीत." असं म्हणून दोन्ही उलथणी माझ्या हातात दिली. काय करणार? मी कबूल केलं. तिने हातांची फुली करून दाखवली, म्हणजे थांबा, आता दिलेल्या शब्दावरून हलायचं नाही. यांनी मुकाट्याने चपला आणून माझ्या पायांपुढे ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी विमान पायरीवरच बसून होतं आणि सूनबाई रिकाम्या रेघेला खुणा करत होती. मी नुसती सांगायची, आत्ता वळले, आत्ता थांबले. आणि परवाची सकाळ उजाडली ती धुक्यात. नवं अंगण कुठे संपतं आणि आभाळ कुठे लागतं ते दिसेना, सगळं एकच पांढरं. गच्चीवर मी यांचा हात धरून उभी. धुक्यातून आधी आवाज आला, मग दिवे, मग विमानाचं नाक, अगदी हळू, झोपेत चालणाऱ्या माणसासारखं. सूनबाई दिसत नव्हती, फक्त तिच्या हातातल्या दोन फळ्या, जशा आपोआप हवेत हलताहेत. ये, ये, ये. मी श्वास धरला. टाकी... म्हणजे वळण आलं. तिने हात आडवा केला नाही. अजून नाही. माझा गुडघा म्हणत होता आता, आता, आणि ती थांबलेली. मग हात आडवा झाला आणि ते विमान इतकं सुरेख वळलं, धाकटे, जसं त्याच्याच मनात होतं. नाक रेघेवर, चाक रेघेवर, डोक्यावर फुली, थांबलं. सगळीकडे शांत झालं. बंबाचा भोंगा तेवढा वाजला (मुलाचं कोपर लागलं म्हणे, त्यावरून त्याला बोलणी बसली).

पास! साहेबांनी कागदावर सही केली आणि मग सूनबाईबरोबर चालत आमच्या फाटकाशी आले. मी पायरीवर बसले होते. मला खालपासून वरपर्यंत बघून म्हणाले, "हेच का ते विमान?" आणि असे काही हसले की इस्त्री मोडली. मी म्हटलं, हो, पण आता दुरुस्तीला जायचंय. त्यांनी चहा घेतला, रेघ स्वतः चालून बघितली, टाकीपाशी वळलेसुद्धा. हात मात्र पसरले नाहीत. कुणी बघत नसतं तर पसरले असते.

आता पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी मोठं विमान पहिल्यांदा येतंय, थेट तुमच्या शहरातून, आणि सूनबाई त्याला बोलावणार. मी रोज संध्याकाळी पायरीवर बसून ते बघून घेते, यायच्या आधीच. कधी ते येतं आणि आमच्या पिवळ्या रेघेवरून स्वयंपाकघरापर्यंत येऊन थांबतं. कधी त्याला उतरायचंच नसतं, वर तरंगत राहतं, आणि सूनबाई म्हणते असू दे, दमलं की येईल. मी आनंदात आहे गं. इतकी की कुणाला सांगू असं झालं, म्हणून तुला एवढं लिहिलं. तू तुझ्या मुलाकडे जाताना एकदा विमानात बसलीस त्याला किती वर्षं झाली, आणि अजून प्रत्येक पत्रात ढगांचं वर्णन असतं. मी काही बोलत नाही. मी नुसतं म्हणते की बसणं वेगळं आणि होणं वेगळं.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना पापे, भावोजींना गरम पाणी.

तुझी, सध्या जमिनीवर असलेली,
थोरली ताई

ता. क. गुडघ्याचा मोठा डॉक्टर तुमच्या शहरात निघाला, तुमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. इथे काढलेला एक्सरे त्याला पाठवला, तो बघून तो म्हणतो कापून नवा बसवावा लागेल. म्हणजे मला तुझ्याकडे महिना दीड महिना तरी राहावं लागेल. पुढची खोली मला दे, भावोजींना खोकल्यासकट मागच्या खोलीत हलव. सूनबाईने माझं तिकीट त्याच मोठ्या विमानाचं काढलंय, ते परत जाताना. ती स्वतः माझं विमान मार्गाला लावणार आहे आणि घरात सगळे त्याच आनंदात आहेत.

ता. क. दुसरा. हे फक्त तू वाच, भावोजींना मोठ्याने वाचून दाखवू नकोस. मला भीती वाटते. विमान होताना नाही वाटली, पाय खाली होते. आता तिकीट आल्यापासून झोप नाही, आणि सूनबाईला सांगता येत नाही, तिने हात उचलले ते माझ्या शब्दावर. तर तू सोमवारी त्याच विमानाने इकडे ये. लोकांना सांग की ताईला न्यायला आले. सूनबाईला खिडकीतून बघून हात हलवू नकोस, तिचं लक्ष जाईल. उतर, चहा घे आणि मला घेऊन तस्संच परत चल. ढगांचं सगळं वर्णन मी मुकाट्याने ऐकेन, पहिल्यापासून.

ता. क. तिसरा. उजव्या हाताला तू बसू नकोस, डाव्या हाताला बस. आणि ते डावीकडे वळायला लागलं की माझा गुडघा घट्ट धरून ठेव.